औषधांच्या सॉफ्टवेअरची पहिली तपासणी

डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या धोक्याच्या औषधांवर इशारा देणारं सॉफ्टवेअर तपासायचं काम लातूरच्या दवाखान्यात तुझ्याकडे आलं, चांगलं झालं. घाबरू नको. आधी १०-१२ काल्पनिक रुग्ण तयार कर आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधीच अपेक्षित उत्तर वहीत लिही. सुरुवात अशी, या सगळ्यांवर इशारा यायलाच हवा:

- वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असताना मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध). दोन्ही एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका वाढतो
- पेनिसिलिनची ॲलर्जी आणि त्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिन, तेही ब्रँडच्या नावाने
- संधिवातावर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाऐवजी रोज. ही चूक जिवावर बेतते
- ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३० च्या खाली, तरी मधुमेहाचं मेटफॉर्मिन

हे सगळं टेस्ट खात्यावरच कर, खऱ्या रुग्णाच्या नोंदीत नाही.

नवी माणसं हमखास चुकतात ती इथे: इशारा आला की खूश होतात. साध्या, बिनधोक चिठ्ठ्याही टाक आणि उगाचचे इशारे मोज. येता-जाता इशारे आले की डॉक्टर न वाचताच बंद करतात, त्यात खरा इशाराही जातो. माझ्या पहिल्या तपासणीत मी हे मोजलंच नव्हतं. त्याची खंत अजून आहे.

मग दोन दिवस ओपीडीत उभी राहा. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाच्या गोळ्या पिशवीत असतात, संगणकात नसतात. त्या कोण भरतं, बघ. आकडेमोडीचं मोठं शास्त्र नंतर शिकू. यादी झाली की मला दाखव.