मुख्य खेळाडू जखमी होऊन बाहेर गेल्यावर कॉलेजचा बास्केटबॉल संघ सावरतो कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या कॉलेजचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारा खेळाडू, गुडघा दुखावून बसलाय, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. सरांनी हिशेब मांडलाय की तो मॅचला पंधरा पॉइंट काढायचा, तर आता पाच जणांनी प्रत्येकी तीन जास्त काढा. तुम्ही स्वतः शूटर आहात आणि विचारताय की असं होतं का.

नाही होत. हाच हिशेब आमच्या सरांनीही मांडला होता, पुण्यात, मी सेकंड इयरला असताना. आमचा सव्वासहा फुटी सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, घोटा मुरगळून बसला आणि उरलेले आम्ही ‘जास्तीचे तीन’ काढायला निघालो. प्रत्येकाने शॉट जास्त मारले, पॉइंट तेवढेच आले, आणि समोरचे रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले बॉल, उचलून पळत सुटले. पहिल्याच फेरीत घरी. आपलं नेमकं काय चुकलं ते तेव्हा कळलं नाही. कळलं ते बऱ्याच वर्षांनी, अमेरिकेत, प्रेक्षकांत बसून.

२०१९ मध्ये मी रॅलेला नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये एमएस करत होतो. जवळच डरहॅमला ड्यूक, त्याच्या पलीकडे चॅपल हिलला युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना. तिन्ही विद्यापीठं एसीसी नावाच्या एकाच साखळी स्पर्धेत, आणि हिवाळ्यात तिथे दुसरा विषय नसतो. लॅबमध्ये प्रोफेसरसुद्धा आधी कालच्या मॅचचं बोलायचे, मग माझ्या बिघडलेल्या रीडिंगचं.

२ फेब्रुवारी, शनिवार. आमचा घरचा सामना व्हर्जिनिया टेकशी. तीनच दिवस आधी मायामीविरुद्ध खेळताना त्यांच्या जस्टिन रॉबिन्सनच्या पायाला दुखापत झाली होती. हा त्यांचा शेवटच्या वर्षाचा पॉइंट गार्ड, सगळा खेळ त्याच्या हातून जायचा. म्हणजे अगदी तुमचीच परिस्थिती, फक्त तयारीला तीन आठवड्यांऐवजी तीन दिवस. आम्ही लाल टी-शर्ट घालून मोठ्या उत्साहात गेलो होतो. लंगडा संघ आलाय, सोपं आहे.

स्कोअर झाला ४७-२४. चोवीस आमचे. चाळीस मिनिटांत आमच्या संघाने ५४ शॉट मारले, त्यातले ९ गेले. तीन गुणांचे २८ मारले, गेले २. शेवटच्या पाच मिनिटांत तर लोक हसायला लागले होते, दुसरं करणार काय.

आमच्या पोरांचे मोकळे शॉटही त्या दिवशी जात नव्हते, ते श्रेय व्हर्जिनिया टेकला देता येणार नाही. पण त्यांचे स्वतःचे पॉइंट बघा: ४७. एरवी सत्तर-ऐंशी करणारा संघ. रॉबिन्सनचे पॉइंट कुणी भरून काढायचे, या भानगडीत ते पडलेच नव्हते. त्यांनी मॅचच लहान करून टाकली. बॉल शांतपणे आणायचा, फिरवायचा, स्क्रीन लावायची (सहकाऱ्याला मोकळं करायला समोरच्याच्या वाटेत उभं राहायचं), पुन्हा फिरवायचा. अमेरिकन कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यांत शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, ३० सेकंदांचं असतं, ते त्यांनी पुरेपूर वापरलं. कुठेही घाई नव्हती. शॉट गेला नाही तर रिबाउंडसाठी जीव टाकण्याऐवजी तिघं आधीच मागे पळालेले. आम्हाला फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचे मागे जमायच्या आत पळत जाऊन करायचा हल्ला, असा मिळालाच नाही.

यामागचं गणित साधं आहे. चांगला संघ आणि जेमतेम संघ यांच्यातला फरक दर वेळी बॉल हातात आला की थोडाथोडा दिसतो. सत्तर वेळा बॉल आला तर तो सत्तर वेळा दिसेल, पंचावन्न वेळा आला तर पंचावन्न वेळा. आपण कमकुवत झालो असू तर आपल्याला कमी वेळा हवा. आपल्याकडे २४ सेकंदांचा नियम आहे, त्यामुळे इतकं ताणता येत नाही. पण आपल्या आंतरमहाविद्यालयीन मॅच आठवा. निम्मे शॉट पहिल्या आठ सेकंदांत मारलेले असतात. तिथेच केवढी जागा आहे.

हा जादूचा मंत्र नव्हता, हेही सांगतो. आम्हाला असं चिरडून गेल्यावर ते पुढचे दोन सामने हरले, लुईव्हिल आणि क्लेम्सनकडून.

आता ड्यूक. ही गोष्ट तुम्हाला अर्धी माहीत असेल. २० फेब्रुवारी, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर, प्रेक्षकांत ओबामा. आम्ही चौघं रूमवर टीव्हीसमोर, आत खिचडीचा कुकर. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत ड्यूकचा मुख्य खेळाडू झायन विल्यमसन याचा डावा बूट फाटला. त्याने वळताना पाय रोवला, बुटाचा तळ वेगळा झाला, पाय बाहेर आला आणि उजवा गुडघा धरून तो खाली बसला. मॅचला एक मिनिटही झालं नव्हतं. नंतर कळलं की गुडघ्याला हलकीच इजा आहे, पण त्या रात्री तो परत आला नाही.

झायन त्या हंगामात मॅचला २२-२३ पॉइंट काढायचा. आता तुमच्या सरांचा हिशेब इथे लावून बघा. त्या रात्री आर. जे. बॅरेटने ३३ काढले, कॅम रेडिशने २७. दोघांचे मिळून ६०. एरवी या दोघांचे मिळून छत्तीसच्या आसपास व्हायचे. म्हणजे झायनचे सगळे पॉइंट दोघांनी भरून दिले, वर एखादा चहापाण्याला! आणि ड्यूक हरलं ७२-८८. सोळाने.

कसं? तर ड्यूकने तीन गुणांचे ३९ शॉट मारले आणि ८ घातले. रिंगखाली जाऊन धडक देणारा माणूसच नव्हता, त्यामुळे समोरच्यांनी आत गर्दी केली आणि बाहेरून मारा म्हणून मोकळं सोडलं. मोकळा शॉट दिसला की कुठला विशीतला पोरगा तो सोडेल? दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलिनाने रिंगजवळच्या रंगवलेल्या पट्ट्यातून ६२ पॉइंट काढले. त्यांच्या ल्यूक मेने एकट्याने ३० पॉइंट आणि १५ रिबाउंड. झायन असता तर त्यातले कितीतरी शॉट मारायलाच कुणी धजावलं नसतं. हे ‘न मारलेले शॉट’ स्कोअरशीटवर कुठेच लिहिलेले नसतात, म्हणून ते कुणी मोजत नाही. आमचा पुण्याचा सेंटर मॅचला जेमतेम आठ पॉइंट काढायचा. आम्ही आठ पॉइंटच शोधत बसलो होतो.

तीन दिवसांनी ड्यूक सिराक्यूजला गेलं. पस्तीस हजारांवर प्रेक्षक. सिराक्यूजचा २-३ झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायचा डिफेन्स, दोघं पुढे आणि तिघं मागे, प्रसिद्ध होता, झोनला वाकवायला शूटर लागतो, म्हणून कोच शशेव्हस्की यांनी ॲलेक्स ओ’कॉनेलला भरपूर वेळ दिला. हा बारीक अंगाचा, बाहेरून मारणारा मुलगा. झायनशी त्याचं दुरूनही साम्य नाही. त्याने तीन गुणांचे पाच घातले, २० पॉइंट केले, ड्यूक ७५-६५ जिंकलं. मला हा डाव फार आवडला, कारण कोचनी ‘छोटा झायन’ शोधला नाही. संघात ज्याचं जे आहे ते बाहेर काढलं आणि त्या एका सामन्यापुरता खेळ त्याच्याभोवती मांडला.

त्या एका सामन्यापुरताच. पुढच्याच सामन्यात ड्यूक व्हर्जिनिया टेककडून ७२-७७ हरलं. म्हणजे झायन नसलेला संघ रॉबिन्सन नसलेल्या संघाकडून. मग मायामीला तीसने हरवलं, वेक फॉरेस्टला घरच्या कोर्टवर कसंबसं ७१-७०, तेही त्यांचा शेवटचा शॉट रिंगवर फिरून बाहेर पडला म्हणून. नंतर पुन्हा नॉर्थ कॅरोलिनाकडून हार. सहा सामने, तीन जिंकले, तीन हरले. सावरणं दिसायला असं असतं. तुमच्या स्पर्धेत पहिली मॅच मस्त गेली आणि दुसरी वाईट गेली तर घाबरू नका.

कधीकधी सावरायला वेळच मिळत नाही. २०१८ साली व्हर्जिनियाचा (हे व्हर्जिनिया टेकपेक्षा वेगळं विद्यापीठ) डिआंद्रे हंटर राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर मनगट मोडून बाहेर गेला. तो सुरुवातीच्या पाचातही नव्हता, बेंचवरून यायचा, नऊ-एक पॉइंट काढायचा. अव्वल मानांकित संघाला काय फरक पडणार? समोर यूएमबीसी नावाचं छोटं विद्यापीठ, सोळावं मानांकन. हाफटाइमला २१-२१. आणि संपलं ५४-७४. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाला सोळाव्याने हरवल्याची ती पहिलीच वेळ. वीसच्या फरकाचं खापर एकट्या हंटरच्या मनगटावर फोडणं मला पटत नाही, संघ दुसऱ्या हाफमध्ये बिथरला होता. पण उंच असूनही चपळ गार्डमागे पळू शकणारा त्यांच्याकडे तोच होता, आणि यूएमबीसीचे गार्डच त्यांना पळवत होते. पुढच्या वर्षी व्हर्जिनिया विजेता झालं, अंतिम सामन्यात हंटरचे २७ पॉइंट.

उलट उदाहरण ह्यूस्टन विद्यापीठाचं. डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस सॅसर आणि ट्रॅमन मार्क हे दोन्ही महत्त्वाचे गार्ड उरलेल्या हंगामासाठी गेले. तरी संघ शेवटच्या आठांत पोचला. कारण त्यांचा खेळच डिफेन्स आणि दुसऱ्यांदा मिळवलेल्या बॉलवर उभा होता. अंगाला भिडून रिबाउंड काढणं दहा जणांना शिकवता येतं, सॅसरसारखा शॉट नाही शिकवता येत. शेवटी व्हिलानोव्हाकडून ४४-५० हरले, त्या दिवशी तीन गुणांचे २० मारून १ गेला. तेव्हा मात्र सॅसरची आठवण झालीच असणार.

आता तुमच्याकडे. मी कोच नाही, रविवारी सकाळी सोसायटीच्या कोर्टवर खेळणारा माणूस आहे, तेव्हा पटेल तेवढं घ्या. गेल्या चार-पाच मॅच आठवून कागदावर लिहा की तुमचा गार्ड पॉइंट सोडून काय काय करत होता. प्रेस लागला, म्हणजे समोरच्यांनी तुमच्याच अर्ध्या कोर्टात येऊन अडवलं, की बॉल कोण वर आणत होता? समोरच्या सगळ्यात चपळ पोराला कोण धरत होता? डिफेन्समध्ये ‘स्क्रीन डावीकडून’ असं ओरडत कोण होतं? ही कामं प्रत्येकी एकाला नेमून द्या, आणि बॉल आणायचं काम दोघांत वाटा. एकालाच दिलं तर समोरचे त्याच्यावर दोघं सोडतील आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याचे पाय जातील. व्हर्जिनिया टेकचा मुख्य शूटर निकील अलेक्झांडर-वॉकर याच्यावर हेच काम आलं होतं. तुमच्यावरही येईल असं दिसतंय. आलं तर सरांना आधीच सांगून ठेवा की माझे शॉट कमी होतील.

ठरवून बसवलेले डाव दहा असतील तर तीन ठेवा, पण झोपेत जमतील इतके घोटा. बेंच आखूड झालंय, पाच फाउलांत माणूस बाहेर, म्हणून फाउल वाचवायला झोनचा सराव आत्ताच करा. आणि त्या गार्डला घरी बसू देऊ नका. पट्टा बांधून बेंचवर बसवा, त्याचं ओरडणं तरी वापरता येईल.

तो परत येईल तेव्हा पुन्हा सगळी मांडणी हलेल, तीही तयारी ठेवा. त्या वर्षी मार्चमध्ये झायन परतला तो सिराक्यूजविरुद्ध १३ पैकी १३ शॉट घालूनच. रॉबिन्सन १२ सामन्यांनंतर आला. आणि २९ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर, या वेळी दोघंही कोर्टवर. ड्यूक ७५-७३ जिंकलं. झायनने २३ काढले, पण मला लक्षात राहिला तो ट्रे जोन्स. महिनाभर समोरचे ज्याला ‘हा काय मारणार’ म्हणून बाहेर मोकळं सोडत होते, त्याने तीन गुणांचे पाच घातले, एकूण २२. शेवटच्या सेकंदाला व्हर्जिनिया टेकच्या अहमद हिलला रिंगच्या तोंडाशी उंच पास मिळाला, हवेतच टेकवायचा होता, आणि राहिला. आमच्या रूमवरचे चौघंही एकदम उभे राहिले. आम्हाला चोवीसवर रोखून गेलेल्या त्या संघासाठी आपण ओरडतोय, हे मला नंतर लक्षात आलं.