शेपूट हवं की सोंड?

ताई, बालवाडीत ‘हे की ते’ हा दोन्हींतलं एक निवडायचा खेळ सुरू करताय, छान! सुरुवातीला एवढंच सांभाळा.

प्रश्नाच्या दोन्ही बाजू तुल्यबळ हव्यात. ‘शेपूट हवं की सोंड?’ चालेल. ‘अभ्यास आवडतो की मोबाईल?’ ही परीक्षा झाली. मुलं तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात. नवीन माणसं हमखास इथेच घसरतात.

उत्तर आलं की लगेच ‘का?’ नको, उलटतपासणी वाटते. त्याऐवजी ‘बरं, शेपूट मिळालं, आता खुर्चीवर बसणार कसं?’ असं विचारा. मग एखादं पोर खुर्चीला भोक पाडायला निघतं, दुसरं म्हणतं, शेपूट खिशात ठेवीन. खरा विचार इथे सुरू होतो, घाई करू नका.

बाकी थोडक्यात:
- विचारून झालं की गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा.
- बुजऱ्या मुलाला बोलायचा आग्रह नको. शेपूटवाले खिडकीकडे, सोंडवाले दाराकडे. नुसतं जाऊन उभं राहिलं तरी पुरे.
- ‘दोन्ही!’ हेही उत्तरच. (हे कुणीतरी म्हणणारच.)

एका वेळी दोनच प्रश्न. मुलांकडून प्रश्न बनवून घेणं, ते पुढे बघू. उद्या डबा खायच्या आधी हा विचारून बघा: पावसात भिजायचं की चिखलात लोळायचं?