अंगुस्तान बोटात जाईना

मागच्या अंकात गोव्याच्या हाफ आयर्नमॅन शर्यतीबद्दल माझा लेख आला: 1.9 किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं 90 किलोमीटर सायकल हाणायची आणि वर 21.1 किलोमीटर पळायचं. तेव्हापासून पत्रं येताहेत. आधीच सांगते, मी वाईत ब्लाउज-ड्रेस शिवते, वय 47. डॉक्टर नाही, कोच नाही. त्यामुळे जे माझ्या अंगाशी आलंय तेवढ्यावरच बोलते.

तलावात मी न थांबता दीड किलोमीटर पोहतो. पण तारकर्लीला समुद्रात उतरलो आणि दहा मिनिटांत श्वास कोंडून परत फिरलो. मला समुद्र जमेल का? – एक वाचक, इचलकरंजी

जमेल. दहा मिनिटं राहिलात हेच बरंय, मी पहिल्यांदा चार मिनिटांत बाहेर आले होते.

मी पोहायला शिकले आमच्या मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीला काठ असतो. तलावाला तर तळाशी काळी रेघही असते, डोकं खाली घालून रेघ धरली की सरळ जाता येतं. समुद्रात खाली बघितलं की नुसतं हिरवट-मातकट पाणी. आपण सरळ चाललोय की मुंबईकडे, काही कळत नाही, आणि भीती तिथूनच सुरू होते. म्हणून दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून पुढचा बोया, म्हणजे रस्ता दाखवणारी तरंगती खूण, बघायचा. मगरीसारखे फक्त डोळे. अख्खं डोकं काढलं की कंबर बुडते.

हे मी कसं शिकले तेही ऐका. बोया शोधायचा कंटाळा म्हणून पुढच्या बाईची टोपी धरून पोहत राहिले. दोनशे मीटर गेल्यावर एक कयाकवाला, म्हणजे छोट्या होडीतला राखणदार, शिट्टी मारत आडवा आला. ती बाईही रस्ता चुकली होती! तिला वाटत होतं मागून कुणीतरी येतंय, म्हणजे आपण बरोबर आहोत.

कयाकवरून आठवलं. दम लागला तर कयाकला किंवा बोयाला धरून थांबता येतं, त्यानं तुम्ही बाद होत नाही. धरून पुढे सरकायचं नाही, एवढंच. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. गोव्यात सगळ्यांना एकदम पाण्यात सोडत नाहीत, थोडे थोडे सोडतात आणि तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासून मोजतात. तेव्हा खुशाल मागे उभे राहा, लाथा कमी बसतात.

वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, घालून तरंगू असा कुणी सल्ला दिला असेल, तर तो आपल्याकडे कामाचा नाही. आयर्नमॅनच्या नियमात पाणी 24.5 अंशांच्या वर गेलं की आमच्यासारख्या हौशींनी वेटसूट घातला तर वयोगटाच्या बक्षिसात धरत नाहीत, आणि गोव्याचं पाणी त्याहून चांगलंच कोमट असतं. सरावाला डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे लहान अंतराच्या गटात नाव द्या. एरवी मी धोम धरणाच्या पाण्यात जाते. पण एकटी कधीच नाही. कमरेला नारिंगी फुगा आणि काठावर नवरा. तो मोबाइलच बघत असतो, पण असतो.

सायकल लाखाचीच लागते का? – एक वाचक, बार्शी

नाही. माझी पुण्यातून घेतलेली वापरलेली रोडबाइक आहे, 32,000 ची. पसरणीच्या घाटात तीच चढते आणि तीच मी उतरवते. उरलेले पैसे टायर, ट्यूब आणि चांगल्या हेल्मेटवर घाला. शर्यतीचं शुल्कच एवढं असतं की त्यात मोटारीसकट चांगलं शिलाई मशीन यावं. मी तो हिशोब करून रडून घेतलंय.

पंक्चर स्वतः काढायला शिका, रस्त्यात बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही. आणि पोहून आल्यावर आधी हेल्मेटचा बंद लावायचा, मगच सायकलला हात. उलट केलंत तर दंड. पुढच्या सायकलपासून 12 मीटर मागे राहायचं हाही नियम. दुसऱ्याच्या आडोशानं वारा चुकवायचा नाही, ओलांडायचं तर 25 सेकंदांत ओलांडून मोकळं व्हायचं.

मी 41 वर्षांची आहे. पळायला जाते ते सलवार-टीशर्टवर. ते घट्ट कपडे घालून चारचौघांत कसं वावरायचं? घरचे काय म्हणतील? – एक वाचक, लातूर

हा माझ्या धंद्यातला प्रश्न, म्हणून सविस्तर.

त्याला ट्रायसूट म्हणतात. पोहायला, सायकलला, पळायला तोच एक. बुडाशी पातळ पॅड असतो, पटकन वाळणारा. विकत घेताना पहिल्यांदा तो उलटा करा आणि शिवणीवर बोट फिरवा. दोन तुकडे एकमेकांवर सपाट बसवून शिवलेले असले तर घ्या. आतल्या बाजूला शिवणीची कडा उभी लागली तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असू दे. खारं पाणी आणि घाम मिळून ती कडा काखेत करवतीसारखी चालते. माझ्या पहिल्या सूटची तशीच होती. बावीस वर्षं बायकांच्या मुंड्यांची, म्हणजे बाही जोडतात त्या घेराची, मापं घेतेय आणि स्वतःच्या मुंड्याला फसले. आठवडाभर हात अंगापासून लांब धरून कात्री चालवत होते. आता काखेत, मानेला आणि मांड्यांना व्हॅसलीन थापते, पुरणपोळीला तूप लावावं तसं.

बाह्या असलेला सूट मिळतो. पण वेटसूट बंद असेल तेव्हा पोहताना कोपराखाली आणि गुडघ्याखाली कापड सहसा चालत नाही, हे पैसे देण्याआधी लक्षात घ्या. मी कोपरापर्यंत बाही आणि गुडघ्याच्या वर संपणारा पाय असा घेतला. सायकलवर बसताना वरून सैल टीशर्ट चढवलात तरी कुणी अडवत नाही, कपडे बदलण्यात दोन मिनिटं जातात एवढंच.

घरच्यांचं म्हणाल, तर सूट दोरीवर वाळत होता तेव्हा सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाल्या, "पैलवानाच्या लांगेपेक्षा बरंच आहे की." विषय संपला. तुमच्याकडे इतक्यात संपेल याची खात्री देत नाही. पण शर्यतीच्या दिवशी पणजीत मिरामारच्या वाळूवर पहाटे शेकडो माणसं तसल्याच कपड्यांत उभी असतात आणि प्रत्येकाला स्वतःच्याच पोटातल्या गोळ्याची काळजी असते. तुमच्याकडे बघायला सवड कुणाला?

लांबच्या सरावात मला उलटीसारखं होतं. पाणी भरपूर पितो, तरी. काय चुकतंय? – एक वाचक, नगर

कदाचित तेच भरपूर पाणी. आधी डॉक्टरांना दाखवा, मग माझं ऐका.

सप्टेंबरात एका ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत (1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं) मी दिसेल त्या टेबलावर साधं पाणी पीत गेले. उकडत होतं, वाटलं शहाणपणा करतोय. शेवटी मळमळ, डोकं जड आणि बोटं सुजलेली, अंगठी फिरेना. दुसऱ्या दिवशी दुकानात बसले तर शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतो ते अंगुस्तान बोटात जाईना. डॉक्टरांनी समजावलं: घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. हे हाताबाहेर गेलं तर जिवावर बेततं. पाण्याबरोबर मीठ हवं, आणि तहानेपेक्षा जास्त ढोसायचं नाही.

खाण्याचं असं, की सायकलवर तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं सांगतात. खेळाडू चोखतात त्या गोड जेलच्या एका पुडीत पंचवीसेक ग्रॅम असतात, मोठ्या केळ्यातही जवळपास तेवढेच. मी मीठ लावलेले लहान उकडलेले बटाटे नेते. घाटात सरावाला कंदी पेढेही चालतात. गुळाची वडी मात्र गोव्याच्या उन्हात खिशातच वितळली आणि नंतर मुंग्या लागल्या त्या सूटला, मला नाही. काय खायचं ते घरी ठरवा, शर्यतीच्या दिवशी नवीन पुडी फोडायची नाही.

सायकलवरून उतरल्यावर पाय दुसऱ्याचे वाटतात, त्याचीही सवय लागते. दर रविवारी पाचगणीवरून उतरले की सायकल दारात टाकून चहा न घेता तशीच मेणवलीच्या घाटापर्यंत पळत जाते. पहिली दहा मिनिटं लाकडाचे पाय, मग हळूहळू आपले होतात.

वेळेच्या मर्यादेत बसलो नाही. पोहण्यातच बाद झालो. गावात सत्कार आधीच ठरला होता. आता तोंड कसं दाखवू? – एक वाचक, नांदेड

सत्कार आधी ठरवणाऱ्यांना दाखवायचं तर दाखवा.

मागच्या लेखात मी 8 तास 11 मिनिटांचं लिहिलं, मर्यादा साडेआठची. त्याआधीच्या खेपेचं लिहिलं नाही, ते आता लिहिते. पोहायला 70 मिनिटं मिळतात, मी 74 मिनिटांनी वाळूवर आले. एका पोरानं अगदी हळू आवाजात "मॅडम, चिप" म्हणत घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडवून घेतला. पट्ट्याखाली पांढरी रेघ राहिली होती, तिच्याकडे बघत मी बराच वेळ बसून होते.

हवाईला 1978 साली पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा 15 जण उतरले होते, पोहोचले 12. हे मला नंतर कुणीतरी सांगितलं, त्या दिवशी सांगितलं असतं तर मी चिडले असते. तुम्हीही चिडला असाल तर चिडा.

त्या दिवशी आम्ही सायकल दिराच्या ओमनीत आडवी घातली आणि निघालो. नवरा सावंतवाडीपर्यंत काही बोलला नाही. आंबोलीच्या घाटात धुकं होतं, गाडी बाजूला घेतली. त्यानं मागून माझी सायकलची पिशवी ओढली, न उघडलेली. त्यात सहा बटाटे होते, मीठ लावून फॉइलमध्ये गुंडाळलेले. तीन त्यानं खाल्ले, तीन मी. "मीठ जास्त झालंय," म्हणाला.