गोदामातला खोकला

प्रश्न : यजमानांनी घेतलेले एका औषध कंपनीचे शेअर आता माझ्या नावावर झालेत. नफा दरवर्षी वाढतोय, संचालक मंडळावर माजी सनदी अधिकारी आहेत, नामांकित डॉक्टर आहेत. तरी भाचा म्हणतो, "मावशी, आकडे सजवलेले असू शकतात." एवढी मोठी माणसं असताना असं होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, होतं. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी करताना ३१ मार्चला मी एका औषध स्टॉकिस्टचा, म्हणजे घाऊक विक्रेत्याचा, माल मोजायला गेलो होतो. खोकल्याच्या सिरपचे खोके माळ्यापर्यंत, जिन्यातसुद्धा. उन्हाळ्यात एवढं खोकणार कोण? मालक हसले : "मार्च एंडिंग आहे. एरिया मॅनेजर गळ्यात मारून गेला. मे महिन्यात परत नेणार."

कंपनीच्या वहीत मात्र ती विक्री झाली होती! कंपनीकडून स्टॉकिस्टकडे माल गेला की 'प्रायमरी', तिथून केमिस्टकडे गेला की 'सेकंडरी'. प्रायमरी ढकलता येते. सेकंडरी डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालते.

हे फक्त छोट्यांचं काम नव्हे. अमेरिकेच्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विबने २०००-०१ मध्ये दोन बड्या घाऊक व्यापाऱ्यांकडे गरजेपेक्षा जास्त माल भरला, तो सांभाळण्याचा खर्चही स्वतः उचलला. अंदाजे दीड अब्ज डॉलरची विक्री अशी फुगली. २००४ साली तिथल्या बाजार नियामकाशी १५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी सरकारी वकिलांशी जो करार झाला, त्यात संचालक मंडळाचा अध्यक्ष आणि कारभार चालवणारा सीईओ ही पदं वेगळ्या माणसांकडे द्यावी लागली. आता कारभाराचा आणि नफ्याचा संबंध कुठे येतो ते पाहा. आकडा ज्याला गाठायचाय, त्यालाच प्रश्न विचारणाऱ्यांचा प्रमुख करून ठेवलं तर विचारणार कोण?

आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या ऑडिट कमिटीत, म्हणजे हिशेबावर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीत, किमान दोन तृतीयांश स्वतंत्र (प्रवर्तकांशी लागेबांधे नसलेले) संचालक लागतात, हिशेब जाणणारा निदान एक तरी, आणि वर्षाला किमान चार बैठका. कागदावर हे सगळे पाळतात. नामांकित डॉक्टरांना हृदय कळतं हो, पण "प्रायमरी वाढली, सेकंडरी किती?" हे त्यांनी विचारलं का, हा खरा प्रश्न.

ते आपल्याला कळणार नाही; पण खुणा दिसतात. वार्षिक अहवालात विक्रीपेक्षा येणी, म्हणजे उधारीवर विकलेल्या मालाचे यायचे पैसे, झपाट्याने वाढतायत का? नफा आहे, पण धंद्यातून रोकड येत नाही, असं आहे का? संशोधनाचा खर्च नफ्यातून वजा न होता मालमत्तेत जाऊन बसतोय का? नियमात बसत असेल तर चालतो, पण रक्कम अचानक फुगली तर हिशेबाला जोडलेली टीप वाचाच. आणि प्रवर्तकांच्याच घरच्या कंपनीला माल विकला असेल, तर तेही संबंधित पक्षांच्या टिपेत सापडतं. मी तर अहवाल तिथूनच उघडतो.

गेल्या तीन वर्षांची येणी, विक्री आणि रोकड एका कागदावर उतरवून भाच्यापुढे ठेवा. शेअर विकायचे की ठेवायचे, ते मात्र मला विचारू नका. तो सल्ला द्यायचा परवाना माझ्याकडे नाही.