चार नवीन मेलोडिक ट्रॅक आणि पैसे दोनाचे: ब्रेकच्या आधीचं ऐक

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: एका छोट्या स्वतंत्र लेबलवर (गाणी काढणारी कंपनी) मेलोडिक टेक हाऊस आणि टेक्नोचे, म्हणजे सुरावट असलेल्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताचे, चार नवीन ट्रॅक आलेत, क्लिपवर चारही तितकेच भारी वाटतात, बजेट दोनाचं आहे आणि वाजवायचं आहे कोल्हापुरात, भाड्याच्या सिस्टीमवर. कुठले दोन घ्यावेत? आणि जाता जाता, स्वतः केलेला ट्रॅक त्या लेबलला पाठवावा का?

चारही शेवटपर्यंत ऐकले. दुसरा आणि चौथा घे. आता का ते सांगतो, नाहीतर पुढच्या शुक्रवारी नवीन रिलीज आले की परत इथंच येशील.

सगळे सारखे वाटतात ते क्लिपमुळं. दुकानात ऐकायला मिळणारा दोनेक मिनिटांचा तुकडा बहुतेक वेळा ट्रॅकच्या मधला असतो, आणि मधे असतो ब्रेक. किक (खालचा जड ठोका) थांबते, पॅड (लांबलेले मऊ सूर) पसरतो, आर्पेजिओवरचा (एकामागोमाग फिरणारे सुटे स्वर) फिल्टर हळूहळू उघडतो, स्नेअरचा रोल चढतो आणि धाडकन किक परत येते. अंगावर काटा येतोच. पण या प्रकारात ब्रेक जमवणं ही काय अवघड गोष्ट राहिलेली नाही. तीच मायनर स्केल, तोच लांबलचक रिव्हर्ब, तयार प्रीसेटसुद्धा मिळतात. नॅचरल मायनर म्हणजे आपला आसावरी थाट. जरा काळोख पाहिजे असेल तर रिषभ कोमल करायचा, की झाला फ्रिजियन, म्हणजे भैरवी थाट. देवल क्लबच्या मैफली ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हे ऐकवलंस तर तो म्हणेल, स्वर आसावरीचे आहेत, पण हा चार स्वरांचा तुकडाच घोळवत बसलाय. त्याचं बरोबर आहे. इथं राग उलगडायचा नसतोच, तुकडा तोच ठेवून त्याच्या भोवतीचं बदलत न्यायचं असतं. म्हणून नुसत्या मेलडीवर ट्रॅक जोखायला गेलास तर फसणार.

ब्रेकच्या आधीची दोन मिनिटं ऐक. 124 बीपीएमला (मिनिटाला 124 ठोके) 32 बार (चार-चार ठोक्यांचे) म्हणजे जवळजवळ एक मिनिट. त्या वेळात काय काय घडतंय ते मोज.

तुझ्या यादीतला दुसरा ट्रॅक घे. सुरुवातीला फक्त किक, क्लॅप आणि बंद हॅट (झांजेचा आखूड आवाज). 32 बारांनंतर बेस येतो, पण किकच्या डोक्यावर बसत नाही, दोन किकच्या मधल्या जागेत शिरतो. शेकर किंचित मागं ओढलेला आहे, त्यामुळं सगळं चालतं ते डुलत चालतं. मग ऑफबीटवर (दोन ठोक्यांच्या मधे) 909 या ड्रम मशीनची उघडी हॅट लागते आणि खांदे आपोआप हलायला लागतात. मेलडीचे दोनच स्वर लांबून डोकावतात आणि परत जातात. ब्रेक यायच्या आधी एक अख्खा बार बेस काढून घेतलाय. एवढंच, पण तेवढ्यानं कान टवकारतात. हा ट्रॅक ब्रेक कापून वाजवलास तरी चालेल. पहिल्यात मात्र ब्रेकच्या आधी एकच लूप दोन मिनिटं दळण घातल्यासारखा फिरत राहतो. त्यातनं ब्रेक काढला तर खाली काही उरत नाही.

तिसरा मला मनापासून आवडला. व्होकलचे तुकडे कापून मस्त बसवलेत, बेसला उसळी आहे. पण ब्रेक 64 बारांचा! किकशिवाय दोन मिनिटं. बर्लिनच्या क्लबमध्ये पहाटे चारला लोक डोळे मिटून उभे राहतील. आपल्याकडं मागनं कोणीतरी ओरडणार, "आरं मशीन बंद पडलं काय?" आणि अर्धी जनता पाण्याकडं वळणार. त्यात आपल्याला उघड्यावर रात्री दहापर्यंतच परवानगी. सातला सुरू करून दहाला आवरायचं, तर आठ-आठ मिनिटांच्या संथ चढणाऱ्या ट्रॅकना जागा कमी. मी असा ट्रॅक घेतलाच तर ब्रेकचा अर्धा भाग क्यू पॉइंट (उडी मारायची खूण) लावून उडवतो. मेलोडिकवाल्या शुद्धतावाद्यांनी शिव्या घालाव्यात, माझी हरकत नाही.

चौथा हा सरळ टेक्नो आहे, मेलोडिक नावालाच. एकच सिंथची ओळ, पहिल्या बारापासून शेवटपर्यंत. फक्त तिचा कटऑफ (फिल्टर कुठं कापतो ते) आणि डिले (प्रतिध्वनी) बदलत जातो. क्लिपवर हा चारांत सगळ्यात फिका वाटतो, आणि सेटमध्ये सगळ्यात जास्त कामाला हाच येईल, कारण कशाच्याही खाली सरकवता येतो.

आता सिस्टीम. आपल्याकडची डॉल्बी म्हणजे बेसच्या भिंती. दणका भरपूर, पण अगदी खालचं, 40 हर्ट्झच्या आसपासचं, बऱ्याच भाड्याच्या बेसमधनं नीट येत नाही. एफ शार्पचा खालचा स्वर 46 हर्ट्झवर, जी 49 वर, ए 55 वर. हे ठणठणीत वाजतात. डी मात्र 37 च्या आसपास येतो. हेडफोनवर पोटात घुसणारी डी मधली बेसलाइन मैदानात गायबच होते आणि तू ऑपरेटरशी भांडत बसतोस. घ्यायच्या आधी ट्रॅकची की (मूळ स्वर) बघ, बहुतेक दुकानं ती लिहितात.

दुसरी भानगड मोनोची. ऑपरेटर बऱ्याचदा डावं-उजवं एक करून सोडतो. मेलोडिक ट्रॅकमधले पॅड आणि लीड (मुख्य सुरावट) रुंद पसरवलेले असतात, मोनो झाले की त्यातले काही एकमेकांना खाऊन टाकतात आणि लीड पार पातळ होते. तपासायला स्टुडिओ नको. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचं बटण असतं, ते चालू करून ऐक. पहिल्या ट्रॅकची लीड तिथं निम्मी होते, बघ करून.

कुठनं घ्यायचे? बँडकॅम्पवर (संगीत विकणारी वेबसाइट) असतील तर तिथनं. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ते ठेवतात, वर पेमेंटचा खर्च, बाकी लेबलला जातं. 2020 पासून ठरावीक शुक्रवारी, बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात त्याला, ते आपला वाटाही सोडतात. छोट्या लेबलला अशा एका विक्रीतनं जे मिळतं ते स्ट्रीमिंगवर शेकडो वेळा वाजूनही मिळत नाही. बीटपोर्टवर (डीजेंचं ऑनलाइन दुकान) शोधायला सोपं जातं, पण 'मेलोडिक हाऊस अँड टेक्नो' हा खाना तिथं 2018 मध्ये आल्यापासून त्यात वाट्टेल ते टाकतात. चार्टच्या मागं लागू नकोस, लेबल फॉलो कर. हॅम्बुर्गचं डायनॅमिक, बर्लिनचं इनरव्हिजन्स, कोलोनचं कोम्पाक्ट, यांचे जुने रिलीज ओळीनं ऐकलेस तर एका माणसाच्या कानानं निवड केली की काय होतं ते कळतं. छोट्या लेबलचंही तसंच बघायचं: मागचे पाच-सहा रिलीज ऐकायचे आणि मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) एका हातचं वाटतंय का, रीमिक्स करायला कोणाला बोलावलंय, हे बघायचं.

फाइल वेव्ह किंवा एआयएफएफ घे. निदान 320 केबीपीएसची एमपी 3. यूट्यूबवरनं उतरवलेलं काही वाजवू नकोस. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय त्यात वरचं साधारण 16 किलोहर्ट्झच्या पुढचं उडालेलं असतं आणि हॅटचा चिवडा होतो. मोठ्या टॉपवर (वरचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरवर) ते लगेच उघडं पडतं.

तुझा ट्रॅक पाठव, पण आत्ता नको. आधी तो वरच्याच कसोटीवर लाव: ब्रेक म्यूट कर आणि उरलेलं मित्राला ऐकव. त्यानं मान डोलावली तर प्रायव्हेट साउंडक्लाउड लिंक पाठव, मेलला फाइल जोडू नकोस, आणि एका वेळी एकाच लेबलला. लिमिटर लावून ठासून मोठा केलेला नको, वर पाच-सहा डेसिबल मोकळे सोड, मास्टरिंग ते करतील. लेबलचा कुठला रिलीज ऐकून पाठवतोयस ते एका ओळीत लिही, तेवढं पुरे. उत्तर आलं नाही तर महिन्याभरानं एकदा आठवण कर आणि दुसरीकडं वळ.

तिसऱ्याचा कोणी डब मिक्स काढला, ब्रेक आटपशीर करून, तर इथं टाक. तो मी पण घेणार.