बायोसमध्ये बदल केला आणि डिस्प्लेच गेला

प्रश्न : रॅमचा वेग वाढवण्यासाठी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमची तयार वेगवान सेटिंग, चालू करून सेव्ह केलं. आता पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. बायोसमध्येही शिरता येत नाही. रॅम जळली असेल का?

उत्तर : तशी शक्यता फार कमी आहे. एक्सएमपी लावल्यावर डीडीआर४ रॅमला साधारण १.२ऐवजी १.३५ व्होल्ट मिळतात आणि तेवढे सोसायलाच ती बनवलेली असते. अडते ते वेगापाशी. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला तो पेलत नाही, त्यातून चारही स्लॉट भरलेले असतील किंवा दोन वेगळ्या संचांतल्या स्टिक एकत्र लावल्या असतील तर ही शक्यता वाढते.

आधी दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. रॅमची सेटिंग बदलल्यावर बोर्ड तिची नव्याने जुळणी करतो. डीडीआर५मध्ये याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. लोक नेमके इथेच घाई करून वीज बंद करतात. बरेच बोर्ड दोन-चार फसलेल्या प्रयत्नांनंतर आपणहून मूळ वेगावर येतात.

तरीही काही झालं नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी, क्लिअर करा. एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये क्लिअर सीमॉसच्या पिना कुठे आहेत ते पाहा. दोनच पिना असतील, तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हींना दहा सेकंद टेकवा. तीन असतील, तर जंपरची टोपी १-२ वरून २-३ वर न्या आणि दहा सेकंदांनी पुन्हा १-२ वर आणा. ती परत आणायची राहिली, तर काही बोर्ड सुरूच होत नाहीत. पिना सापडल्या नाहीत, तर सीआर२०३२चा गोल सेल दहा मिनिटं काढून ठेवा. वायर मात्र काढलेलीच हवी. ती जोडलेली असेल, तर बंद कॉम्प्युटरलाही स्टँडबायचा पुरवठा चालू राहतो आणि सेल काढूनही सेटिंग पुसली जात नाही.

डिस्प्ले आला की एक्सएमपी लावून वेग एक पायरी खाली ठेवा, उदाहरणार्थ ३६००ऐवजी ३२००.

प्रश्न : सेल काढून पाहिला. आता लोगो येतो, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबतं. फॉरमॅट करावं का?

उत्तर : अजिबात नको, तुमच्या फाइल्स बहुधा जागेवरच आहेत. सेल काढल्यावर बायोस तुमच्या जुन्या सेटिंगवर जात नाही, कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. त्यात स्टोरेजचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून (साधी पद्धत) रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) किंवा उलट गेला, की विंडोज अडतं, कारण सुरू होताना ते आधीच्याच मोडचा ड्रायव्हर उचलतं. बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेज विभागात जाऊन मोड पूर्वीसारखा करा. पूर्वी कोणता होता हे आठवत नसेल, तर एकेक लावून पाहा. नुसता मोड बदलल्याने डेटा पुसला जात नाही. नवा रेड ॲरे तयार करायचा पर्याय मात्र चुकूनही निवडू नका, त्याने डिस्कवरचा डेटा जातो.

मोड खरोखरच बदलायचा असेल, तर विंडोज चालू असताना एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या सुरू होण्याच्या सेटिंगच्या खिडकीत) सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमधला मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि मग खूण काढा.

निळ्या स्क्रीनऐवजी 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश आला, तर सीएसएम, म्हणजे बायोसमधला जुन्या पद्धतीने बूट करायचा पर्याय, चालू आहे की बंद ते तपासा. जीपीटी (नव्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवरचं विंडोज यूईएफआय मोडमध्येच, म्हणजे नव्या पद्धतीनेच सुरू होतं, तिथे सीएसएम बंद करून पाहा. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल, तर सीएसएम बंद केल्यावर डिस्प्ले जाऊ शकतो.

प्रश्न : बायोसमधलं सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) बंद केल्यापासून विंडोज ४८ आकडी की मागतंय. ती कुठे मिळेल?

उत्तर : ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची रिकव्हरी की. सिक्युअर बूट पुन्हा चालू करून पाहा, बहुतेक वेळा की न मागताच विंडोज सुरू होतं. नाहीतर मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये शिरा, की सहसा तिथे साठवलेली असते. की हाती येईपर्यंत बायोसमधलं टीपीएम (बिटलॉकरच्या किल्ल्या जपणारी चिप) क्लिअर करू नका. पुढच्या वेळी असा बदल करण्यापूर्वी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा.