वही माळ्यावरून खाली काढा

पत्र, थोडक्यात : “मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीत ७१ टक्के मिळाले. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवलंय. रात्री अभ्यास सोडून इंग्रजी शब्द कुठून आले ते इंटरनेटवर शोधत बसते, वहीत उतरवते. परवा पाहुण्यांसमोर ‘पॉश’ शब्दावरून तिनं बाबांना चूक ठरवलं. त्यांनी वही माळ्यावर टाकली, मोबाइल काढून घेतला. तीन आठवडे झाले, ती फारशी बोलत नाही. तिचं लक्ष नीटकडे कसं वळवावं? बी.ए. इंग्लिश करून शेवटी मास्तरकीच ना?” – एक आई, सातारा

ताई,

तुमचं पत्र दोन पानी आहे. त्यात मुलगी बोलत नाही यावर एकच ओळ आहे, आणि मला काळजी त्या ओळीची वाटते. बारावीतली मुलगी तीन आठवडे घरात गप्प राहते, तेव्हा प्रश्न ७१ टक्क्यांचा उरत नाही. तिची झोप किंवा जेवणही कमी झालं असेल, तर माझ्या उत्तरावर थांबू नका, तिला समुपदेशकाकडे घेऊन जा.

आता त्या भांडणाबद्दल. बाबांनी सांगितलेली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते : इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन सावलीत असे, ती श्रीमंतांना मिळे, आणि तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, येताना उजवी) या चार शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘पॉश’ झाला. गोष्ट छान आहे, पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. मुलगी तेवढंच म्हणाली. पाहुण्यांसमोर म्हणाली हे खटकणं मी समजू शकते. पण ऐकीव गोष्टीला “लेखी पुरावा कुठला?” असं विचारणं हे उद्धटपण नव्हे, ताई. अख्खी शब्दकोशविद्या त्या प्रश्नावर उभी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं, ते एकेका शब्दाचा जुन्यात जुना वापर शोधण्यापायीच.

तुमचा मोठा गैरसमज बी.ए. इंग्लिशचा आहे. इंग्रजी साहित्य शिकणं वेगळं आणि भाषाविज्ञान शिकणं वेगळं. साहित्यात कविता, नाटक, कादंबरी येते. तुमच्या मुलीला कादंबऱ्यांची ओढ आहे असं पत्रात कुठंच दिसत नाही. ‘मसल’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेला, असं ती टिपते. हा भाषेच्या इतिहासाचा अभ्यास आहे, आणि तो करायला बारावीनंतर लगेच सायन्स सोडावं लागत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात एम.ए. होतं, कुठल्याही शाखेची पदवी चालते. तिथंच १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश रचला जातोय, लाखो चिठ्ठ्यांवरून. आधी परवानगी काढून तिला एकदा ते दाखवून आणा. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणकीय भाषाविज्ञानाचा बी.टेक.सह एकत्रित अभ्यासक्रम आहे, त्याला बारावीचं गणित लागतं. तिनं गणित ठेवलंय हे तिचं शहाणपण.

नीट, सीईटी, जेईई यांचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. फॉर्म भरा, हरकत नाही. पण डॉक्टर व्हायचंय असं ती स्वतः म्हणाल्याचं पत्रात मला सापडलं नाही. ते आधी विचारा.

लेकीला दोन गोष्टी. कोशात शब्द लावण्याच्या नोकऱ्या फार थोड्या आहेत. छंदाच्या भरात हे विसरू नकोस. आणि एका साइटवर विसंबू नकोस. शब्दांची मुळं सांगणारं एटिमऑनलाइन उत्तम आहे, पण तो मुळात डग्लस हार्पर या एका माणसाचा उद्योग, म्हणून तिथलं मूळ मेरियम-वेबस्टर या इंग्रजी कोशाशी ताडून बघ. तिथं शब्दाच्या पहिल्या नोंदीचं सालही फुकट मिळतं. गूगलच्या एनग्रॅमवर शब्दाच्या वापराचा आलेख दिसतो, मात्र जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्र ‘एफ’ वाचतं, तेव्हा १८०० च्या आधीचे आकडे जपून घे. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे. मराठी शब्दांसाठी तो उघडच. हे सगळं रात्री अकरापर्यंत. बोर्डाची परीक्षा तुलाही द्यायची आहे.

ताई, मोबाइलची वेळ तिघांनी बसून ठरवा. वही मात्र आजच खाली यायला हवी, आणि ती तुम्ही काढू नका. बाबांनी टाकली, बाबांनीच काढावी, धूळ पुसून तिच्या हातात द्यावी, आणि जमलं तर तिच्याजवळ बसून त्यातलं एक पान वाचून घ्यावं.